कोपरावरची गादी

तक्कूला झोप यायची ती एकाच ठिकाणी, आजोबांच्या डाव्या हाताच्या बेचक्यात. पाळणा होता, आजोबांनीच आतून गुबगुबीत मढवून दिलेला. आईची कूस होती. बापाची छाती होती, चांगली रुंद आणि ऊबदार. पण पोरीनं जन्मल्यावर महिन्याभरात या सगळ्या जागा बघून घेतल्या, एकेक करून नापास केल्या आणि आजोबांचा डावा हात कायमचा, बिनभाड्यानं, ताब्यात घेतला.

नावही आजोबांनीच पाडलेलं. दवाखान्यात दुपट्यात गुंडाळलेली नात पहिल्यांदा हातात आली तेव्हा ते म्हणाले होते, "अगदी छोटा तक्क्या आहे. दोन्ही टोकांना निमुळता, मधे टम्म." त्यांच्या तोंडून ही मोठीच स्तुती. जन्मभर त्यांनी गाद्या, तक्के आणि सोफे केले होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तिथे कायम दोन-तीन सोफे पोट फाडून पडलेले असायचे, स्प्रिंगा बाहेर, काथ्या बाहेर, आणि मधोमध ओठांत बारीक खिळे धरून आजोबा. खिळे तोंडात असले की ते फक्त "हं" म्हणत. गिऱ्हाईकांना वाटायचं, माणूस फार विचारी आहे.

आता वय झाल्यावर काम त्यांनी कमी केलं होतं. दुपारी जेवण झालं की रुंद हातांच्या एका जुन्या खुर्चीत बसायचं, डावं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचं, त्यात तक्कूला घ्यायचं आणि मनगट नुसतं इकडे-तिकडे हलवायचं. पाच मिनिटांत पोरगी गार. मग ते तासन् तास तसेच बसत. नाकावर माशी बसली तरी उडवत नसत.

आणि सूनबाईचा सगळा डोलारा या एका कोपरावर उभा होता.

सूनबाई कवळ्या बनवायची. दातांच्या एका लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, मेणाच्या गुलाबी हिरड्यांत एकेक दात बसवायचा. बाहेरच्याला हे काम विचित्र वाटेल, पण तिचा त्यात जीव होता. सगळेच्या सगळे दात सरळ बसवणं कुणालाही जमतं. ती एखादा दात जाणूनबुजून किंचित तिरका बसवायची, एखाद्याची कड घासून बोथट करायची, म्हणजे माणूस कवळी लावून हसला तरी स्वतःच्याच तोंडानं हसल्यासारखा दिसावा. बाळंतपणाची रजा आता संपत आली होती. लॅबच्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या जागेवर एक नवी मुलगी शिकतेय. पुढच्या महिन्यात पहिल्या दिवशी टेबलाशी दिसलीस तर टेबल तुझं. नाही दिसलीस तर तिचं. मला राग नाही, तुलाही नको."

घरात सासूबाई नव्हत्या, त्या जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्या इमारतीत कोण अडकेल आणि कधी फोन येईल याचा नेम नाही. "तू जा गं खुशाल," सासरेच म्हणाले होते. "पोरगी माझ्या हातावर झोपते. उठली की बाटली. त्यात काय मोठी विद्या लागते?"

तर अशी सगळी व्यवस्था लागलेली असताना एके दिवशी सासरे नळावर हात धूत होते आणि बाही वर गेली.

"बाबा, हे काय?"

"काय? कुठे काय?" बाही खाली.

"कोपराच्या टोकावर. केवढं सुजलंय! लिंबाएवढं आहे."

"लिंबू? बोराएवढं म्हण फार तर."

"दुखतं का?"

"दुखायला काय झालं? गादी आहे ती. आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली गाद्या घातल्या, आता देवानं एक माझ्या कोपराखाली घातली. खुर्चीच्या हातावर टेकलं की असं मऊ लागतं म्हणून सांगू! पोरगी उगाच नाही गाढ झोपत."

सूनबाईनं हात लावून पाहिला. गोळा मऊसर होता, दाबला की जरा सरकायचा, आणि आत कुठेतरी रवाळ काहीतरी बोटांना लागायचं. ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवूया."

"डॉक्टरला काय कळतंय यातलं? हे गादीतलं काम आहे. कापूस एका जागी गोळा होतो की नाही, तसं झालंय. रोज थोडं मळलं की पांगेल."

खरं म्हणजे तिथेच तिनं हट्ट धरायचा. एरवी तिनं धरलाही असता. पण तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. कारण डॉक्टर काय म्हणतील ते तिला न जाताच ऐकू येत होतं: हाताला आराम द्या. आणि त्या हाताला आराम म्हणजे हिच्या नोकरीला कायमचा आराम. 'दुखत नाही म्हणतात ना,' तिनं स्वतःला सांगितलं, 'मग बघू.' बघू हा शब्द तिच्या नवऱ्याचा. घरात राहून राहून लागतात असे शब्द.

त्यानंतर सासरे उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागले. दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बिंग फोडलं ते नणंदेनं. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, घरात सगळ्यांची ताई. ताई लोकांना गाडी शिकवायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून ओरडायचं काम असल्यामुळे तिचा आवाज बंद काचेतूनही ऐकू जाईल असा तयार झाला होता. सुट्टीच्या दिवशी ती आली, बापाच्या शेजारी बसली, प्रेमानं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि किंचाळली.

"बाबा! हे काय, कोपराला हेडलाइट बसवलाय?"

"हळू! झोपलीय ती."

"झोपलीय ना? ती झोपलीय आणि तुमचा हात चाललाय कामातून! कधीपासून आहे हे?"

"असेल दोन-चार महिने."

"आणि पोरगी किती महिन्यांची झाली?" ताईनं प्रश्न बापाला विचारला पण बघितलं भावजयीकडे. "नाही, मी आपली विचारते. मी काही डॉक्टर नाही. पण समोर खांब असला की मला तो लांबून दिसतो."

नवरा कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर पुसत बसला होता. तो म्हणाला, "बघू, कमी होईल." दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसा तो नेहमी बहीण आणि बायकोच्या मधे अडकायचा, आणि इतरांना सोडवणाऱ्या या माणसाला स्वतःला सोडवायची घंटा मात्र सापडायची नाही.

"कमी होईल कसं? आता तर हिची रजा संपतेय. म्हणजे दिवसभर तेच. अगं, चांगली बाळसेदार आहे गं तुझी लेक, नजर नको लागायला, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातावर किती टाकायचं त्याला काही माप?"

"ताई, बाबा स्वतःच म्हणाले होते—"

"ते म्हणणारच. ते उद्या पियानो उचलतो म्हणतील. आपण उचलू द्यायचा का?"

सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. ताईच्या कोपरखळ्यांची तिला सवय होती. त्या लागायच्या आणि दिवस मावळेपर्यंत विरून जायच्या. ही विरेना. कारण ही खरी असेल, असं तिच्या मनात आधीच येऊन बसलेलं होतं.

सासऱ्यांनी मात्र ताईचं बोलणं वेगळ्याच तऱ्हेनं मनावर घेतलं. "या गोळ्यापायी तक्कूचं नाव घ्यायचं नाही या घरात," एवढं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि ताई गेल्यावर दुकानाचं दार लोटून घेतलं. त्यांना कळून चुकलं होतं की हा गोळा राहिला तर नात हातावरून जाणार. तेव्हा गोळाच घालवायचा. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला, मळला, चारी बाजूंनी पांगवला. तरी पांगेना, म्हणून त्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि सोफ्याच्या तळाला मारतात त्या तागाच्या पट्टीनं कोपर करकचून आवळलं. सोफ्यावर हा उपाय आजवर फसला नव्हता.

सकाळी ते चहाला आले नाहीत. सूनबाई बघायला गेली तर ते खुर्चीत बसलेले, चेहरा पांढरा, आणि कोपर लालभडक. हात लावायच्या आधीच त्याची धग जाणवत होती. हात ना सरळ होत होता, ना वाकत होता.

"बाबा, अहो काय केलंत हे?"

"काही नाही. जरा जास्त मळलं गेलं." मग इकडे-तिकडे बघून, हळूच, "तिला एवढ्यात उठवू नकोस. उठली की हात मागेल."

नवरा पहाटेच कुणालातरी सोडवायला गेला होता. ताईला फोन केला, तशी ती शिकाऊ माणसाला रस्त्यातच उतरवून गाडी घेऊन आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांनी कोपर बघताच भुवया उंचावल्या, जे रोग्याला कधीच आवडत नाही.

"आत पू झाला असेल तर लगेच काढायला हवा. कोपराच्या टोकावर कातडीखाली एक छोटी पिशवी असते, ती भरलीय. सुई घालून थोडं बाहेर काढते. घाबरू नका, काका."

"मी घाबरत नाही. सुया मीही चालवतो. त्याही वीतभर लांब."

सुईतून जे आलं ते बघून डॉक्टरीणबाईंच्या भुवया आणखी वर गेल्या. ते पाणी नव्हतं, पूही दिसत नव्हता. पांढरट, दाटसर. तक्कूला खांद्यावर थोपटत दाराशी उभ्या असलेल्या सूनबाईला वाटलं, आपण लॅबमध्ये दातांचा साचा ओतायला प्लॅस्टर पातळ कालवतो ना, हुबेहूब तसं.

"हे वेगळं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासायला पाठवते. रक्तही घेते. परवा या. तोवर या गोळ्या, हात गळ्यात अडकवून ठेवायचा, आणि या हातानं काहीही उचलायचं नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही."

"एखादा लहानसा तक्क्यासुद्धा नाही?"

"तक्क्या कशाला उचलताय तुम्ही या वयात?"

सासऱ्यांनी उजव्या हातानं बाही खाली ओढली. ताईनं मात्र भावजयीकडे असं पाहिलं की त्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.

घरी आल्यावर तक्कूनं हात मागितला. तो मिळेना, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. आईनं घेतलं, आत्यानं लांबूनच खुळखुळा वाजवून पाहिला, नवरा आला त्यानं फिरवलं. सासरे गळ्यात झोळी अडकवून समोर बसलेले. पोरगी त्यांच्याकडे झेपावायची आणि ते तोंड फिरवायचे. झोळीतल्या त्या कोपरानं पोरीची गत कोपराला गूळ लावल्यासारखी केली होती. दिसतंय समोर, पोचता येत नाही. शेवटी रडून रडून दमली तेव्हा कुठे ती आईच्या अंगावर हुंदके देत पेंगली.

"मी म्हणत नव्हते?" निघताना ताई म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता, आणि म्हणूनच जास्त लागला. "बापाचा उजवा हात हातोडीनं खाल्ला, डावा एक धड होता. आता तोही गेला. जा तू नोकरीवर. मी काही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तक्कूला पाजता पाजता, सूनबाईनं मालकीणबाईंना फोन लावला आणि मी येत नाही म्हणून सांगितलं. कारण सांगायला तिनं बरीच वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यांची गरजच पडली नाही. मालकीणबाई "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. इतकी वर्षं जिथे ती माणसांचं हसू जुळवत बसली, तिथून सुटायला दोन शब्द पुरले. तिनं तक्कूची टोपी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बूट घालत राहिला. मग म्हणाला, "एवढी घाई करायला नको होतीस." आणि थोड्या वेळानं, "पण बघू."

परवाचा दिवस उगवला. सगळे दवाखान्यात. नवऱ्यालाही त्या दिवशी कुणी अडकलेलं नव्हतं. कोपराची लाली ओसरली होती, गोळा निम्म्यावर आला होता. डॉक्टरीणबाई प्रसन्न होत्या.

"पू नाही. खडे आहेत."

"खडे?" चौघंही एकदम.

"अगदी बारीक. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, सुयांसारखे टोकदार. रक्तात एक आम्ल असतं, सगळ्यांच्याच असतं. काहींच्या अंगात ते जास्त होतं, बाहेर पडत नाही, मग सांध्यांपाशी त्याचे खडे साचतात. सहसा पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात होते. तुमचं कोपर निघालं, हे जरा वेगळं आहे. पण गोळ्यांनी आटोक्यात राहतं. काळजीचं काही नाही, आणि यात कुणाचाही दोष नाही."

चांगली बातमी ऐकून खोलीत इतकी निराशा पसरलेली डॉक्टरीणबाईंनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल.

सासरे आधी सावरले. "म्हणजे सोफे उचलून झालेलं नाही?"

"नाही."

"काम करून करून हात झिजला, असं काही?"

"नाही हो. झिजलेलं काहीच नाही, उलट साचलंय."

"म्हणजे मी आयुष्यभर नुसता लोळत पडलो असतो तरी हेच झालं असतं?"

"शक्य आहे."

सासऱ्यांचा चेहरा पडला. एवढं दुखणं सोसलं, आणि त्यात त्यांच्या मेहनतीचा काडीचा वाटा नाही! परक्याचंच दुखणं चुकून आपल्या अंगावर आल्यासारखे ते कोपराकडे बघत राहिले.

ताई पुढे सरकली. "आणि लहान मूल सतत हातावर घेतलं, त्यामुळे?"

"बाळामुळे खडे होत नाहीत."

"थोडेसुद्धा? नाही म्हणजे, शंभरातले दहा-वीस तरी?"

"एकही नाही. कोपर सारखं टेकवून ठेवू नये एवढं खरं, टेकवायचं तर खाली उशी घ्या. पण मला एक सांगा, हे असं एका रात्रीत भडकलं कसं? काही केलं होतंत का?"

सासरे छताकडे बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"मळलं जरा."

"मळलं म्हणजे?"

"म्हणजे कापूस पांगवतात तसं. आणि मग... पट्टी आवळली. तागाची. सोफ्याची असते ती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका," त्या म्हणाल्या, "हे कोपर आहे."

इथे सूनबाईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेनासं, मग खांद्यावरची तक्कू गदगदा हलेपर्यंत. आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना.

"अगं, काय झालं?" सासरे घाबरले.

"काही नाही, बाबा. मी नोकरी सोडली."

"काय केलंस? कधी? कुणाला विचारून?"

"तुमच्या कोपराला विचारून."

नवऱ्यानं तोंड उघडलं. आता हा "बघू" म्हणणार, म्हणून सूनबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो शब्द त्यानं गिळला, तो बहुधा जन्मात पहिल्यांदाच. "मीच तिला थांबवायला हवं होतं," तो म्हणाला. "माझ्याच्यानं झालं नाही."

"मी फक्त म्हणाले होते," ताई पुटपुटली. "म्हणते मी असं. सगळ्यांनाच म्हणते. कुणी ऐकत नाही, त्यामुळे मला सवय नाही."

नवरा कामावर गेला, बाकीचे गाडीत बसले. सासरे पुढे, सूनबाई आणि तक्कू मागे. ताई गाडी चालवत होती आणि ओरडत नव्हती. समोर एकजण बेधडक आडवा गेला तरी तिनं त्याच्या खानदानाचा उद्धार केला नाही. मोठ्या चौकात ती डावीकडे वळली.

"ताई, घर उजवीकडे आहे."

"गाडी कोण चालवतंय?"

गाडी थांबली ती लॅबच्या दाराशी. वर जायचा जिना, जिन्यातच येणारा तो मेणाचा आणि भुकटीचा वास. सूनबाई पहिल्याच पायरीशी थांबली. "ताई, नको. काल नाही म्हणून सांगितलं, आज कुठल्या तोंडानं जाऊ?"

"दातांच्या लॅबमध्ये तोंडांची काय वानवा? चल."

मालकीणबाई दिव्याखाली एक कवळी फिरवून बघत होत्या. त्यांनी आधी सून पाहिली, मग खांद्यावरचं मूल, मग मागची ताई, मग गळ्यात हात अडकवलेला म्हातारा. "वरात आणलीस?" त्या म्हणाल्या.

सूनबाईनं खरं ते सांगितलं. सासऱ्यांचं कोपर, खडे, सगळं. सांगता सांगता तिला जाणवलं की हे ऐकायला किती थापेसारखं वाटतंय.

"काल येत नाही. आज येते," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या सासऱ्यांचा गुडघा, परवा आणखी कुणाचा घोटा. मी रोज सकाळी तुमच्या घरातले सांधे मोजत बसू का?"

सूनबाईची नजर मालकीणबाईंच्या हातातल्या कवळीवर गेली होती. "परत आली का ती?"

"दुसऱ्यांदा. एक निवृत्त मास्तर आहेत. म्हणतात दात सुरेख आहेत, पण नातवंडं ओळखत नाहीत."

खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेली नवी मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मी सगळे नीट सरळ लावले होते."

"म्हणूनच," सूनबाईच्या तोंडून गेलं. "त्यांचा जुना फोटो आहे का? मेणाचा साचा आहे अजून?"

मालकीणबाईंनी पायानं एक रिकामं स्टूल पुढे ढकललं. "बस. करून दाखव. मी काही कबूल केलेलं नाही, लक्षात ठेव."

सूनबाई बसणार, तर खांद्यावर तक्कू. सासऱ्यांनी सवयीनं झोळीतला हात पुढे केला. "खबरदार," तिन्ही बायका एकदम ओरडल्या, त्यात त्यांना न ओळखणाऱ्या मालकीणबाईही होत्या. उरली ताई.

"मला नाही जमत," ताई म्हणाली. "मी कधी घेतलं नाही इतकं लहान. रडेल. अगं, मान कुठून धरायची? अगं ए!"

पण पोरगी तिच्या हातात आलेली होती. तक्कूनं आत्याकडे पाहिलं, ओठ काढला, भोकाड पसरलं. ताई ताठ उभी राहिली, मग कडेच्या बाकावर ताठ बसली, आणि बाहेरच्या कुणाला ओरडायचं नसल्यामुळे हळू आवाजात पोरीलाच ओरडू लागली. "काय, काय झालं काय? समोर बघ. घाई कुणाला आहे? कुणालाच नाही. सावकाश घ्यायचं. पुढे रस्ता मोकळा आहे..." नव्या शिकाऊंना ती पहिल्या दिवशी असंच समजवायची, सूनबाईला ते ठाऊकही नव्हतं. रडणं हुंदक्यांवर आलं. हुंदके लांबले.

सूनबाईनं फोटोतला मास्तरांचा तरुणपणीचा चेहरा निरखला. वरच्या ओळीत एका दातानं शेजारच्यावर जरासं आक्रमण केलेलं. तिनं मेण कापायची पाती तापवली, मेण सैल केलं, दात बाहेर घेतला, केसभर फिरवला. बोटांना सगळं आठवत होतं. नवी मुलगी स्टूल सरकवून जवळ आली आणि बघत बसली. सूनबाईनं तिला दिसेल असा हात जरा बाजूला धरला.

काम संपवून तिनं मान वर केली तेव्हा खोलीत शांतता होती. तक्कू ताईच्या डाव्या हाताच्या बेचक्यात तोंड उघडं टाकून झोपली होती. ताईचा हात अवघडून लाकूड झाला होता, पर्समध्ये फोन थरथरत होता, तिचा कुठलातरी शिकाऊ कुठल्यातरी नाक्यावर ताटकळत होता. "कुणी हलू नका," ताई ओठही न हलवता म्हणाली. "मी फोन उचलणार नाही."

सासरे शेजारी बसून हे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कृतकृत्यता असायला हवी होती. "तुझ्या कोपरात आहे काय एवढं?" ते कुजबुजले. "नुसतं हाड!"

मालकीणबाईंनी कवळी दिव्याखाली धरली, फोटोशेजारी धरली, पुन्हा दिव्याखाली. "खिडकीजवळचं टेबल तिचं राहील," त्या म्हणाल्या. "ते मी काल तिला दिलं, परत घेणार नाही. तुला आतल्या भिंतीचं. सुरुवातीला अर्धा दिवस. तिला हे तिरके दात शिकवायचे." आणि मग, कवळी ठेवता ठेवता, "पहिल्या दिवशी वेळेवर ये. सांधे घरी ठेवून."

महिन्याच्या पहिल्या दिवशी, सोमवारी सकाळी, ताई दुकानातल्या त्या रुंद हातांच्या खुर्चीत बसली होती. बापाचं कोपर बरं होईपर्यंत तिनं सकाळचे सगळे शिकाऊ दुपारवर ढकलले होते. तिच्या कोपराखाली सासऱ्यांनी उजव्या हातानं शिवलेली उशी होती, आणि समोर स्टुलावर स्वतः सासरे.

"कोपर खाली. आणखी खाली. खांदा सैल सोड. मनगट हलव, हात नाही."

"बाबा, मी माणसांना ट्रक चालवायला शिकवते."

"ट्रक रडत नाही. अंगठा आत घे."

सूनबाईनं तक्कूचा पापा घेतला, पुन्हा घेतला, बाटल्या दाखवल्या, दुपटी दाखवली, पुन्हा बाटल्या दाखवल्या. "जा गं आता," दोघंही म्हणाली. ती बाहेर पडली, दार ओढून घेतलं आणि पायरीवर थांबली. आता रडेल. आई गेली हे कळलं की पोरगी आकांत करेल, मग परत आत जावं लागेल, समजूत घालावी लागेल. तेवढा वेळ तिनं मुद्दाम हाताशी ठेवला होता.

आतून आवाज आला तो बापलेकीच्या भांडणाचा. उशी उंच झालीय की खुर्ची ठेंगणी आहे, यावर. मग दोघंही एकमेकांना "शू" म्हणाली.

पोरगी रडली नाही. सूनबाईनं आणखी थोडी वाट पाहिली, अगदी थोडी, की निदान एक हुंदका, आईच्या नावाचा. नाहीच आला. मनातून जरा रागावूनच ती पायऱ्या उतरली आणि भराभर चालू लागली. पहिल्याच दिवशी उशीर करून चालणार नव्हतं.